पान सातवरची वेळ: एका आंतरराष्ट्रीय शाळेच्या साप्ताहिक पत्रकाचे प्रकरण

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सकाळी सातच्या सुमाराला नशिराबाद, साकेगाव आणि पाळधीच्या थांब्यांवर गणवेशातली मुले बसची वाट बघत उभी होती. बस तासाभरापूर्वीच येऊन गेली होती. उन्हामुळे शाळा सकाळची झाल्याचे आदल्या शुक्रवारी साप्ताहिक पत्रकातून कळवले होते, आणि पत्रक ठरल्या वेळी गेलेही होते. तरी तीन मार्गांवरची बरीच मुले राहिली. काहींना वडिलांनी मोटारसायकलवर आणून सोडले, काही घरी परतली. कार्यालयातला फोन दहा वाजेपर्यंत खाली ठेवता आला नाही.

शाळा जळगाव–भुसावळ पट्ट्यातली. नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण दोष एका शाळेचा नाही. अशी पत्रके काढणाऱ्या बहुतेक शाळांत थोड्याफार फरकाने हेच चालते. बालवर्ग ते दहावी, केंब्रिजचा अभ्यासक्रम. बरेच शिक्षक केरळ, इंदूर, पुण्याकडचे, दोघे परदेशी. पालकांत रावेर-यावलचे केळीबागायतदार, जळगावचे सराफ आणि डाळमिलवाले, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली बदलीची कुटुंबे, वरणगावच्या आयुध निर्माणीतले कर्मचारी आणि शहरातले डॉक्टर. या सगळ्यांसाठी पत्रक एकच आणि तेही फक्त इंग्रजीत.

पत्रकात काय असायचे

पीडीएफ, अकरा पाने. पहिल्या पानावर संस्थाचालकांचा फोटो, दुसऱ्यावर प्राचार्यांचे मनोगत. पुढची तीन पाने कार्यक्रमांच्या फोटोंची. मग ऑलिंपियाडची पदके, हाउसचे गुण, वाढदिवस, पुढच्या आठवड्याचा जेवणाचा तक्ता. सातव्या पानावर ‘महत्त्वाच्या तारखा’ नावाचा बारीक अक्षरांचा तक्ता, आणि त्याच्या चौथ्या ओळीत उन्हाळी वेळ.

दिसायला पत्रक देखणे होते. पण ते बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुलाला बसवर सोडणारा माणूस नव्हता. होते ते पुढच्या वर्षी प्रवेश घेऊ पाहणारे कुटुंब. शाळेला जाहिरात लागते, त्यात गैर काही नाही. मात्र जाहिरात आणि सूचना एकाच कागदावर आल्या की सूचनेचा बळी जातो.

शाळेने पुढच्या आठवड्यात राहिलेल्या मुलांच्या घरी एकेक करून फोन लावले आणि तीनच प्रश्न विचारले: पत्रक कोणत्या फोनवर आले, ते कोणी उघडले, आणि मुलाला थांब्यावर कोण सोडते. उत्तरांतून एक कारण नाही, पाच निघाली.

पहिले कारण तारखेचे. तक्ता परदेशी सहकाऱ्याने केलेला, त्यात तारीख ‘०४/०७’ अशी होती, आधी महिना आणि मग दिवस. आपल्याकडे ती सरळ ४ जुलै वाचली जाते. ज्यांनी सातवे पान काढून वाचले, त्यांनाही वाटले की ही पुढच्या सत्राची गोष्ट आहे.

दुसरे व्हॉट्सॲपचे. शाळा ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवणारी यादी, वापरत होती. अशा एका यादीत जास्तीत जास्त २५६ नंबर बसतात, आणि पाठवणाऱ्याचा नंबर ज्याने आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला असेल त्यालाच संदेश मिळतो. दिवाळीनंतर कार्यालयाचा नंबर बदलला. नवा नंबर सेव्ह करा, अशी सूचना गेली तीही त्याच नव्या नंबरावरून. ज्यांनी तो सेव्ह केला नव्हता त्यांना ही सूचना मिळाली नाही आणि त्यानंतरचे काहीच मिळाले नाही. पाठवणाऱ्याला फक्त एक टिक दिसते. शेकड्याने नावे असलेल्या यादीत ती कोण तपासणार?

तिसरे ईमेलचे. मजकूर १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल तो मध्येच कापते आणि खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी बारीक ओळ दाखवते. ईमेलच्या मजकुरात उतरवलेल्या पत्रकात तारखांचा तक्ता त्या ओळीच्या पलीकडे होता.

चौथे, फोन एकाच्या खिशात आणि मूल दुसऱ्याच्या हातात. नंबर नोंदवलेला वडिलांचा. ते पहाटेच बागेत किंवा दुकानावर. मुलाला थांब्यावर नेणारी आजी, काकू, नाहीतर शेतातला गडी. वडिलांनी पत्रक पाहिले असते तरी ते घरात सांगितले जाईलच असे नव्हते.

पाचवे सगळ्यात साधे आणि सगळ्यात महागात पडलेले. बसमधल्या ताईंना वेळ कळली ती शनिवारी रात्री, ठेकेदाराकडून. शुक्रवारी दुपारी मुले उतरवताना त्यांनी प्रत्येक थांब्यावर एक वाक्य सांगितले असते तर पुढचे काहीच घडले नसते. त्यांना पत्रक कधी पाठवलेच जात नव्हते, कारण यादी पालकांची होती.

काय बदलले

पहिल्यांदा पत्रकाचे तीन भाग केले आणि त्यांचा क्रम कायमचा ठरवला: करायचे, बदललेले, घडलेले. ‘करायचे’मध्ये जास्तीत जास्त पाच गोष्टी. सहावी आली तर ती पुढच्या आठवड्यात जाते, किंवा एकाच वर्गापुरती असेल तर वर्गशिक्षिकेकडून. ‘बदललेले’मध्ये वेळ, जागा, मार्ग, गणवेश, शुल्काची तारीख. ‘घडलेले’ हा बातम्यांचा भाग शेवटी. संस्थाचालकांचा फोटो महिन्यातून एकदा, आतल्या पानावर. ही शेवटची गोष्ट ठरायला बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त बैठका लागल्या, हे वेगळे सांगायला नको.

पीडीएफ राहिली, पण दोन पानांची, आणि ती मागून जाते. आधी जातो साधा मजकूर, फोन उघडताच एका पडद्यावर पूर्ण दिसणारा. उन्हाळी वेळेची सूचना नव्या पद्धतीने अशी लिहिली गेली असती:

*सोमवार, ७ एप्रिलपासून शाळा सकाळी ७:१५ ते दुपारी १२:१५.*
*बस रोजच्यापेक्षा १ तास १५ मिनिटे लवकर येईल. साकेगाव फाटा: ७:२५ ऐवजी ६:१०.*
*डबा एकच. पाण्याच्या बाटल्या दोन.*
*दहावीच्या परीक्षार्थींची वेळ त्यांच्या परीक्षेच्या वेळापत्रकाप्रमाणे.*
*मुलाला थांब्यावर जे सोडतात त्यांना हे आजच सांगा.*

यात वाराचे नाव आहे आणि महिना अक्षरी आहे. जुनी वेळ आणि नवी वेळ शेजारी-शेजारी आहेत. नुसती नवी वेळ दिली तर माणूस ती आपल्या डोक्यातल्या वेळेशी पडताळतोच असे नाही. कोणाला लागू नाही हेही लिहिले आहे, कारण नेमक्या त्याच पालकांचे फोन येतात. ‘सुधारित उन्हाळी वेळापत्रकाची अंमलबजावणी’ हा मथळा मात्र गेला. त्यात वेळ सोडून बाकी सगळे होते.

ब्रॉडकास्ट लिस्ट बंद करून व्हॉट्सॲपची कम्युनिटी केली. तिच्या घोषणा गटात फक्त ॲडमिन लिहू शकतात, आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. नंबर सेव्ह असण्याची अटही तिथे आड येत नाही. प्रत्येक मुलामागे दोन नंबर घेतले: एक पालकाचा, दुसरा थांब्यावर सोडणाऱ्याचा. बसच्या ताई आणि चालक यांचा गट वेगळा. तिथे पत्रक पालकांच्या चार तास आधी जाते. ते आधी का, तर शुक्रवारी सकाळी थांब्यावर पालक विचारतात तेव्हा ताईंना ‘मला नाही माहीत’ म्हणावे लागू नये म्हणून.

आठवड्याचे चक्र

सोमवार दुपारी १२ ला शिक्षकांकडून मजकूर घेणे बंद होते. एका बातमीला ६० शब्द, एक फोटो. उशिरा आलेली बातमी पुढच्या आठवड्यात, अपवाद नाही. अपवाद एकदा केला की पुढच्या सोमवारी वेळेवर पाठवणाराच मूर्ख ठरतो.

मंगळवारी तारखांची बैठक, वीस मिनिटांची, उभ्याउभ्या. प्राचार्यांच्या स्वीय सहायक, वाहतूक बघणारे, परीक्षा अधिकारी, भोजनगृहाचे व्यवस्थापक आणि पालक-शिक्षक संघाचे एक सदस्य. भिंतीवर एकच मोठे कॅलेंडर असते. जे त्यावर लिहिलेले नाही ते पत्रकात जात नाही. महाराष्ट्रात शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्याने खासगी शाळांना पालक-शिक्षक संघ करावाच लागतो, आणि कार्यकारी समितीवरचे पालक इयत्तावार सोडतीने निवडले जातात. त्यामुळे प्रत्येक इयत्तेचा एक पालक आयताच हाताशी असतो. ही समिती शुल्कापुरतीच आठवायची, असा कायद्याचा आग्रह नाही.

बुधवारी लेखन आणि मराठी मजकूर. गुरुवारी दुपारी दोन वाचने. पहिल्या वाचनात एकजण फक्त वार, तारखा आणि वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघतो, बाकी काही वाचत नाही. दुसऱ्या वाचनात बसच्या एक ताई मराठी मजकूर वाचतात आणि काय करायचे आहे ते आपल्या शब्दांत सांगतात. त्यांनी सांगितलेले आणि लिहिलेले वेगळे निघाले की वाक्य बदलायचे, ताईंना समजावत बसायचे नाही.

दुपारी साडेतीनला पत्रक बसच्या गटात, संध्याकाळी साडेसातला पालकांकडे. शुक्रवार सोडून गुरुवार धरला त्याचे कारण साधे आहे. शुक्रवारी रात्री गेलेल्या पत्रकावर शंका शनिवारी येतात, तेव्हा कार्यालय बंद. गुरुवारी गेले की शुक्रवारचा पूर्ण दिवस विचारायला मिळतो आणि मुले दुपारी उतरताना ताई तोंडी सांगू शकतात. रविवारी संध्याकाळी ‘करायचे’मधल्या पाच गोष्टींपैकी सोमवारची असेल तेवढीच एक पुन्हा पाठवायची. सगळे पत्रक पुन्हा पाठवले की लोक दोन्ही वेळा वाचत नाहीत.

बस बिघडली, पाऊस झाला, उन्हाचा इशारा आला, तर ते पत्रकाचे काम नाही. त्यासाठी मार्गावार गट आणि फोन. मेमध्ये इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, अशा दिवशी गुरुवारची वाट कोण बघेल?

मराठी कोणी लिहायचे

सुरुवातीला इंग्रजी मजकूर यंत्राने मराठीत करून पाठवायचा विचार झाला. एका आठवड्याचा नमुना पाहून तो सोडला. ‘स्टुडंट-लेड कॉन्फरन्स’चे जे झाले ते वाचून पालकांना वाटले असते की शाळेत कुठल्यातरी नेत्यांची परिषद आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी मूल आपली वही, चित्रे, प्रकल्प स्वतः आईवडिलांना दाखवते आणि शिक्षिका बाजूला बसते. पत्रकात आता हेच वाक्य जाते, शिवाय किती वेळ लागेल (२० मिनिटे) आणि घरातले किती जण आले तरी चालतील (चार).

मराठी लिहायला माणूस शाळेत होताच. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणे सक्तीचे आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय शाळेतही मराठीच्या शिक्षिका असतात. त्यांना आठवड्याचे तीन तास अध्यापनातून मोकळे करून हे काम दिले. तास मोकळे न करता काम वाढवले असते तर ते दिवाळीपर्यंतही टिकले नसते.

तांत्रिक अडचण फॉण्टची निघाली. आधीच्या मराठी सूचना गावातल्या डीटीपीवाल्याकडे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप व्हायच्या. छापल्यावर उत्तम, पण मजकूर कॉपी करून फोनवर टाकला की निव्वळ चिन्हांची रांगोळी. आता सगळे युनिकोडमध्ये. पीडीएफ काढल्यावर ‘र्‍य’ आणि ‘ह्य’ असलेले शब्द एकदा डोळ्यांखालून घालायचे, तिथे अक्षरे तुटतात.

ज्या घरी वाचणारे कोणी नसते तिथे आवाजाचा संदेश. पंचेचाळीस सेकंद, फक्त ‘करायचे’. पाळधी-एरंडोलच्या मार्गावर तो बसच्या ताईंनी आपल्या रोजच्या अहिराणीत सांगून पाहिला. घराघरांत लावला गेला. भुसावळच्या कॉलनीत मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे मराठीमागून दोन वाक्ये हिंदीत लागतात. प्राचार्यांनी स्वतः अहिराणीत बोलावे अशीही सूचना आली होती. ती मान्य झाली नाही ते बरे झाले. शिकून बोललेली अहिराणी ऐकणाऱ्याला लगेच कळते.

फोटो

पोहण्याच्या स्पर्धेचे फोटो पत्रकात आले, खाली पूर्ण नाव, वर्ग आणि गाव. एका मुलीच्या घरून आक्षेप आला, आणि तो रास्त होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकजण मूल धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येणारी संमती लागते. प्रवेश अर्जातली ‘आम्हांस सर्व मान्य आहे’ ही एक ओळ इथे पुरत नाही.

संमती तीन पायऱ्यांची केली: वर्गात लावायला, पत्रकात द्यायला, बाहेर समाजमाध्यमांवर टाकायला. तीन चौकोन, तीन सह्या, दर जूनला नव्याने. वर्गवार यादीत तीन रंग, ती यादी फोटो निवडणाऱ्याच्या टेबलावर. पत्रकात फक्त पहिले नाव आणि इयत्ता. गाव, बसमार्ग, आडनाव नाही. पोहण्याचे फोटो पाण्यातले किंवा टॉवेल गुंडाळून बक्षीस घेतानाचे. पत्रकात सहाच फोटो, लांब बाजू १२०० पिक्सेल, प्रत्येकी साधारण २०० केबी. कॅमेऱ्यातून आलेले फोटो तसेच टाकले की पीडीएफ फुगते, आणि केळीच्या बागेत उभ्या माणसाच्या फोनवर नुसते गोल फिरत राहते.

नावांची वही

या सगळ्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट सगळ्यांत साधी निघाली. एका वहीत वर्गवार सगळ्या मुलांची नावे, आणि पत्रकात नाव किंवा फोटो आला की समोर तारीख. पहिल्या सत्राअखेर वही उघडली तेव्हा तीच ती दहाबारा नावे पुन्हा पुन्हा, आणि काही ओळी पूर्ण कोऱ्या. कोऱ्या ओळींत हुशार-मठ्ठ असा काही भेद नव्हता. जवळपास सगळी दूरच्या बसची मुले होती. वादविवाद, रोबोटिक्स, नाटकाची तालीम हे सगळे शाळा सुटल्यावर, आणि त्यांची बस साडेतीनला निघते. ती मुले त्या उपक्रमांत नव्हतीच, मग बातमीत कुठून येणार?

पत्रकातून हे सुटणार नव्हते, वेळापत्रकातून सुटले. आठवड्यातले दोन उपक्रम दुपारच्या जेवणानंतरच्या तासाला आणले. बातम्यांची व्याख्याही थोडी सैल केली: पदक मिळाले तरच बातमी असे राहिले नाही. चौथीतल्या मुलाने शाळेच्या बागेतल्या ठिबकच्या नळीतला क्षार साफ करून दाखवला, तीही बातमी झाली. ज्याच्या घरी रोज ठिबक चालते त्याला ते शिक्षकांपेक्षा चांगले येते, हे वर्गाला त्या दिवशी कळले.

एक पान मुलांचे, हाताने लिहिलेले आणि स्कॅन केलेले. इंग्रजी, मराठी, हिंदी, जे येईल ते. चुका दुरुस्त न करता. खानदेशाला हे नवे नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढत. आठवड्याला एक पान त्या मानाने काहीच नाही, तरी पालकांचे पहिले बोट तिथेच जाते.

कॅलेंडरमध्ये आखाजी नव्हती

शाळेचे वार्षिक कॅलेंडर बाहेरून आलेल्या नमुन्यावर बेतलेले. त्यात आंतरराष्ट्रीय दिवस सगळे होते, आखाजी नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इकडे लेकी माहेरी जातात आणि अर्थातच नातवंडे बरोबर. नेमक्या त्या दिवशी पाचवीचे प्रदर्शन ठेवलेले. पत्रकात ते मोठ्या अक्षरांत होते, सूचना पोचलीही होती, तरी निम्मे तक्ते पोरके उभे राहिले. इथे दोष पत्रकाचा नव्हता, आखणीचा होता.

आता मे महिन्यातच पालक-शिक्षक संघाबरोबर बसून पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर गावाच्या तारखा आधी टाकतात: आखाजी, पोळा, आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातल्या कानबाई देवीची स्थापना. तिचे विसर्जन सोमवारी असते, म्हणून त्या सोमवारी चाचणी ठेवायची नाही. सुट्टी द्यावीच असे नाही. त्या दिवशी न टाळता येणारे काही ठेवू नये, एवढेच. केंब्रिजच्या परीक्षेच्या तारखा मात्र बाहेरून येतात, त्या हलत नाहीत. म्हणून त्या सगळ्यांत आधी आणि लाल शाईने.

अजून न सुटलेले

मुलांच्या आईंचा एक खासगी गट आहे. पत्रक येण्याआधी तिथे कोणीतरी ‘ऐकलं का’ म्हणून टाकते आणि चुकीची वेळ पत्रकापेक्षा लवकर फिरते. तो बंद पाडता येत नाही, पाडूही नये. मंगळवारच्या बैठकीतले पालक सदस्य त्या गटात असतात. चुकीचे काही दिसले की ते पत्रकातली ओळ जशीच्या तशी तिथे टाकतात. वाद घालत नाहीत.

काही वर्गशिक्षिका अजून डायरीत वेगळी वेळ लिहून देतात. यावर उपाय म्हणून गुरुवारी दुपारी पत्रक बसच्या गटाबरोबरच शिक्षकखोलीतही लागते आणि डायरीत वेळ लिहायची असेल तर त्यावरूनच उतरवायची, असे ठरले आहे. नवे शिक्षक आले की पहिले काही आठवडे हे पुन्हा सांगावे लागते.

आणि दर जूनला नंबर बदलतात. बदलीची कुटुंबे जातात, नवी येतात, कोणाचे सिम बंद होते. म्हणून प्रवेशाच्या टेबलावरच, पावती हातात देण्याआधी, कार्यालयातले भाऊसाहेब (लिपिक) पालकाला कम्युनिटीत घेतात, त्यांच्यासमोर एक संदेश पाठवतात आणि तो फोनवर आलेला बघूनच पुढच्या माणसाला बोलावतात. दुसरा नंबर आजीचा असेल तर संध्याकाळी तिला फोन करून विचारतात की मुलाला कोणत्या थांब्यावर सोडणार. तिने थांबा आणि वेळ बरोबर सांगितली की रजिस्टरात त्या नावापुढे खूण होते.